बंदूक: तिकडे हक्क, इकडे परवाना

निवडणूक लागली की शिरोळमध्ये आमच्या काकांची पीक राखणीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते. काका कुरकुरतात, पण पावती जपून ठेवतात. यंदा विचारत होते, "अमेरिकेत असं चालेल का रे?"

अवघड आहे! तिथल्या बंदूक-हक्काच्या समर्थकांच्या मते स्वसंरक्षण हा जन्मजात हक्क. सरकारने दिलेला नाही, म्हणून काढूनही घेता येत नाही. शिवाय उद्या सरकारच जुलमी झालं तर? आधार १७९१ची दुसरी घटनादुरुस्ती. २००८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानेही घरात बंदूक ठेवण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला.

आपल्याकडेही ही मागणी झाली होती बरं का. डिसेंबर १९४८, संविधान सभा. एच. व्ही. कामतांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला. बाबासाहेबांचा विरोध: मग सराईत गुन्हेगारही तोच हक्क सांगतील. मला तरी हे पटतं.