जाफरानला बी नसते

आमच्या इस्लामपुरात ओळखीच्या एका शेतकऱ्याने 'अमेरिकन केशर' म्हणून महागडे बियाणे आणले. रोपाला काटे आले, नारिंगी फुले लागली. फूल घेऊन ते दुकानात आले. पाहताच मी म्हणालो, "भाऊ, ही तर आपली करडई!" आम्हा कापडवाल्यांना हे फूल परके नाही. जुने रंगारी याच फुलातला पिवळा रंग पाण्याने धुऊन काढत आणि मग खाराच्या पाण्यात तांबडा, म्हणजे कुसुंबी, उतरवून घेत. चीज चांगली, पण ती जाफरान नव्हे.

व्यापारी बंधूंनी एवढे पक्के ध्यानात ठेवावे की असल जाफरानला बी धरतच नाही. त्याचे फूल वांझ असते. लागवड छोट्या कांद्यासारख्या कंदानेच होते. म्हणून केशराचे बी विकणारा काहीतरी दुसरेच विकतो आहे.

काश्मिरात पांपोरला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमिनीलगत जांभळे फूल उमलते. एका फुलात लाल तंतू तीनच, तेही हाताने खुडायचे. किलोभर सुक्या मालाला सुमारे दीड लाख फुले लागतात. भाव लाखांत जातो तो यामुळेच. नुसता लाल भाग तो मोंगरा, पिवळ्या देठासकट तो लच्छा. काश्मिरी केशराला 2020 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

युरोपात शरदातच याच्यासारखे दिसणारे दुसरे फूल येते. ते हकिमांच्या सुरंजानच्या जातीचे आणि विषारी. त्यात पुंकेसर सहा असतात, जाफरानमध्ये तीन.

बाजारात तंतू भिजवून पाहावा. असल तंतूचे एक टोक कर्ण्यासारखे पसरट असते. करडईची पाकळी नळीसारखी, टोकाला पाच ठिकाणी चिरलेली. असल तंतू गार पाण्यात सावकाश सोनेरी रंग सोडतो आणि स्वतः लालच राहतो. रंगवलेला माल झटकन लाल पाणी करून फिका पडतो. कच्च्या रंगाचे कापड आपण असेच ओळखतो ना?

आता पुण्याकडे काहीजण थंड केलेल्या बंद खोलीत काश्मिरी कंदावर फुले घेतात. ज्यांना हा शौक करायचा असेल त्यांनी कंद वजन करून घ्यावेत. आठ ग्रॅमच्या आतला कंद बहुधा फुलत नाही. विजेचा खर्चही आधीच मांडावा. आणि पूड केलेले जाफरान कितीही स्वस्त मिळो, मी तरी घेत नाही.