लांब होडी आणि सुरक्षित होडी

वापरलेली शिडाची होडी समुद्रपर्यटनासाठी घ्यायची म्हटले की निवड बहुधा दोन होड्यांवर येऊन ठेपते. एक 32 फुटी, नीट राखलेली. दुसरी त्याच किमतीची, 40 फुटी, ऐसपैस, पण दुरुस्तीला आलेली. मग सल्ला हमखास मिळतो: परवडेल तेवढी मोठी घ्या, मोठी होडी समुद्रात सुरक्षित असते. हा सल्ला अर्धा खरा आहे आणि त्यामुळेच तो इतका टिकून आहे.

खरा अर्धा भाग आधी पाहू. आकार तोच ठेवून लांबी 32 वरून 40 फूट केली, तर वजन साधारण 1.95 पट होते. कलंडलेल्या होडीला सरळ करणारा जोर जवळजवळ 2.4 पट होतो, कारण तो लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. 1979च्या फास्टनेट या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीतल्या वादळानंतर साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या वुल्फसन युनिटने होड्यांच्या प्रतिकृतींवर चाचण्या घेतल्या. होडीच्या लांबीच्या 30 टक्के उंचीची फुटणारी लाट कुशीवर आली तर काही होड्या उलटू शकतात आणि 60 टक्के उंचीच्या लाटेपुढे कोणतीच टिकत नाही, असे त्यांत आढळले. म्हणजे 32 फुटी होडीला धोका साडेनऊ फुटांच्या लाटेपासून, तर 40 फुटीला 12 फुटांच्या लाटेपासून. फरक खरा आहे, पण आठ फूट जादा लांबीने लाटेच्या हिशेबात अडीच फुटांचीच सवलत मिळते, आणि खुल्या समुद्रातले वादळ एवढ्या फरकाला जुमानत नाही.

त्याच शर्यतीचे आकडे मोठ्या होडीच्या बाजूने नेहमी पुढे केले जातात. 303 होड्या निघाल्या, 85 पोहोचल्या, शर्यतीतले 15 खलाशी मृत्युमुखी पडले. सर्वांत मोठ्या होड्यांच्या गटात 14 पैकी 13 पोहोचल्या, सर्वांत लहान गटात 58 पैकी एकच. हे आकडे शर्यतीनंतरच्या अधिकृत चौकशीतले आहेत, त्यांबद्दल वाद नाही. मात्र ते सांगणारे दोन गोष्टी गाळतात. मोठ्या होड्या वेगामुळे पुढे होत्या, त्यामुळे वादळ त्यांना आणि मागच्यांना सारख्या ठिकाणी गाठत नव्हते. आणि लहान गटातली ती एकमेव होडी, ‘असेंट’, ही काँटेसा 32 होती. तिच्याच गटातल्या, जवळपास तिच्याएवढ्याच होड्या माघारी फिरल्या किंवा सोडून द्याव्या लागल्या. लांबी तीच असताना निकाल वेगळा लागत असेल, तर कारण लांबीत शोधणे व्यर्थ आहे.

कारण आहे होडीच्या आकारात आणि वजनाच्या वाटणीत. प्रत्येक होडीचा एक कोन असतो. तिथपर्यंत कलंडली तर ती आपणहून सरळ होते, त्यापुढे गेली तर पालथी पडते. काँटेसा 32 साठी हा कोन सुमारे 155 अंश आहे. तिचे वजन सुमारे 4.3 टन, त्यातले जवळपास निम्मे बुडाखालच्या जड कण्यात, म्हणजे कीलमध्ये, आणि रुंदी जेमतेम साडेनऊ फूट. रुंद, उथळ बुडाच्या अनेक आधुनिक पर्यटन-होड्यांचा कोन 120 अंशांच्या आसपास असतो. अशी होडी धक्क्याला ताठ उभी राहते, पाऊल टाकताच स्थिर वाटते, आणि खरेदीदार या स्थैर्यालाच सुरक्षितता समजतो. हा सर्वांत महागात पडणारा भ्रम आहे, कारण जी रुंदी तिला सरळ असताना स्थिर ठेवते, तीच तिला उलटल्यावर पालथीही स्थिर ठेवते. म्हणून विकत घेण्यापूर्वी लांबीच्या आधी हा कोन विचारावा.

मोठी होडी हाताळायला अवघड, असे म्हटले की मराठी वाचकाला लगेच ‘म्हादेई’ आठवेल. गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधलेल्या या 56 फुटी होडीतून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. मग मोठी होडी हाताळणे अवघड कसले? पण ती होडी नवी होती, तिच्या बांधणीत दोंदे स्वतः गुंतलेले होते, ते नौदलाचे अधिकारी होते आणि किनाऱ्यावर नौदल त्यांच्या पाठीशी होते. चाळीस वर्षे जुनी होडी घेणाऱ्या जोडप्याकडे यातले काहीच नसते. उलट बाजूचे उदाहरणही आहे: रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये न थांबता, एकट्याने पहिली प्रदक्षिणा केली ती मुंबईत सागवानात बांधलेल्या 32 फुटी ‘सुहैली’तून.

‘त्याच किमतीत आठ फूट जास्त’ हा हिशेबही फसवा आहे. किंमत एकदाच द्यायची असते. शिडे, नांगर, साखळी, विंच, बुडाचा रंग आणि धक्क्याचे भाडे यांचा खर्च मात्र होडीच्या आकारमानाने येत राहतो. दोन होड्यांची तुलना करायची तर फुटांनी करू नये, टनांनी करावी. 40 फुटी होडी 32 फुटीच्या भावात मिळत असेल, तर आधीच्या मालकाने कुठला तरी मोठा खर्च बहुधा पुढे ढकललेला असतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. मोठी होडी फार वेगवान असते: पाणरेषेची लांबी 24 फूट असेल तर कमाल वेग साधारण 6.6 नॉट, 34 फूट असेल तर 7.8, फरक आहे, पण होडी बदलण्याएवढा क्वचितच. जुने फायबरग्लास फोडांनी कुजते: बुडावरचे फोड बहुधा वरवरचे असतात, खरी भीती डेकच्या आत पाणी शिरून कुजलेल्या बाल्सा लाकडाची. कमी तास चाललेले इंजिन उत्तम: वर्षानुवर्षे न चालवता पडून राहिलेले इंजिन आतून गंजते. युरोपीय ‘अ’ श्रेणी म्हणजे महासागराची हमी: ती श्रेणी बांधणीच्या वेळची रचना सांगते, आजची अवस्था नाही, आणि 1998 पूर्वीच्या बहुतेक होड्यांना ती नसतेच.

तपासणी दोन्ही होड्यांची सारखीच, आणि पाण्याबाहेर काढूनच करावी. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा किती वर्षांच्या आहेत ते विचारावे. दहा-पंधरा वर्षांनंतर विमा कंपन्या त्या बदलायला सांगतात. कीलचे बोल्ट, सुकाणूचे सांधे, तारा जिथे होडीच्या अंगाला जोडल्या आहेत त्या पट्ट्या, आणि डेक पोकळ वाजतो का, हे सर्व्हेअरने पाहावे. मग वारा असलेल्या दिवशी समुद्रात नेऊन, जे दोघे पुढे ती चालवणार आहेत त्यांनीच मोठे शीड लहान करून पाहावे. 40 फुटी होडीवर हे काम दोघांना दमवत असेल, तर रात्रीच्या वाऱ्यात ते वेळेवर होणार नाही.