पुरंदरला न निघालेली शेतकी बँक

ठाण्याच्या नौपाड्यात सहकारी बँकेचं पासबुक घरोघरी सापडतं. 1972 साली सुरू झालेली ठाणे जनता सहकारी बँक तर इथल्या कित्येकांना घरचीच वाटते. सहकाराचा इतिहास सांगताना 1904चा पतसंस्था कायदा हमखास निघतो. त्याच्या वीस वर्षं आधी शेतकऱ्यासाठी बँक मागणारे न्यायाधीश सर विल्यम वेडरबर्न मात्र विस्मरणात गेले आहेत.

वेडरबर्न यांचा जन्म 1838 साली एडिंबरोत, एका जमीनदार घराण्यात झाला. त्यांचे आजोबा जॉन वेडरबर्न यांनी जमैकातल्या मळ्यांवर पैसा केला आणि स्कॉटलंडात बॅलिनडीनची जमीनदारी घेतली. तिथे आणलेल्या जोसेफ नाइट या गुलामाने त्यांच्याविरुद्ध दाद मागितली. 1778 मध्ये स्कॉटलंडच्या न्यायालयाने गुलामगिरीला तिथल्या कायद्यात थारा नाही, असा निकाल दिला. आजोबा हरले, नाइट मोकळा झाला.

नातू 1860 मध्ये मुंबई इलाख्यात सनदी नोकरीत आला, जिल्हा न्यायाधीश झाला आणि पुढे उच्च न्यायालयातही बसला. तो काळ कर्जबाजारी कुणब्याचा होता. पीक बुडालं तरी सारा रोख भरावा लागे. त्यासाठी सावकाराला खत लिहून द्यायचं, व्याज चढत जायचं, दावा लागायचा. कुणबी कोर्टात हजरच होत नसे. एकतर्फी हुकूमनामा होई आणि जमिनीवर जप्ती येई. 1875 मध्ये सुप्याला लोकांनी सावकारांची खतं जाळली, ती याच संतापातून.

त्यानंतर कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी आलेल्या 1879च्या कायद्याने कोर्टाला खतामागचा खरा व्यवहार तपासता येऊ लागला. पण पुढच्या पेरणीला बी-बियाण्याचे पैसे कोण देणार? वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी उत्तर मांडलं: पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढायची, जुनी देणी तडजोडीने मिटवायची आणि माफक व्याजाने नवं कर्ज द्यायचं. लॉर्ड रिपन यांच्या सरकारने ही योजना उचलून धरली. लंडनच्या इंडिया ऑफिसने ती फेटाळली.

वेडरबर्न थांबले नाहीत. 1884 मध्ये पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, तिला त्यांनी दिवंगत भावाच्या स्मरणार्थ देणगी दिली. 1889 आणि 1910 मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. 1918 साली त्यांचं निधन झालं.

सहकाराचा कायदा येईपर्यंत 1896 आणि 1899चे दुष्काळ येऊन गेले होते. पुरंदरची बँक तेव्हा उभी असती, तर निदान त्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला सावकाराखेरीज दुसरं एक दार ठोठावता आलं असतं.