कॅरॅव्हानच्या छतावरचा अँटेना

ब्रिटनमध्ये गाडीमागे कॅरॅव्हान जोडून सुट्टीला निघायची पद्धत जुनी आहे. दिवसभराची भटकंती झाली की संध्याकाळी आतल्या छोट्या टीव्हीवर बातम्या किंवा एखादी मॅच हवीच. घरचा अँटेना एकदा बसवला की काम संपतं. कॅरॅव्हानचा मात्र दर मुक्कामी नव्याने लावावा लागतो. चित्र येईना की बहुतेक जण सिग्नल वाढवणाऱ्या बूस्टरचं बटण दाबतात, नाहीतर महागडा अँटेना घ्यायच्या गोष्टी करतात. माझं म्हणणं असं, की आधी दोनच गोष्टी पाहाव्यात : अँटेनाचं तोंड कुठे आहे आणि तो आडवा आहे की उभा.

दिशेचं महत्त्व पुण्या-मुंबईच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. सिंहगडाकडे नाहीतर वरळीकडे अँटेना फिरवत गच्चीवरून “आलं का?” असं ओरडणारी पिढी अजून आहे. तेव्हा पडद्यावरच्या मुंग्या कमी झाल्या की दिशा जमली हे कळायचं. मुंग्यांचं ते अॅनालॉग प्रसारण ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१२ मध्ये संपलं. डिजिटल चित्र सिग्नल पुरेसा असेपर्यंत लख्ख दिसतं. जरा कमी पडला की चौकोन चौकोन होऊन थिजतं आणि मग जातंच. म्हणून टीव्हीच्या मेन्यूतल्या सिग्नलच्या पट्ट्या पाहत अँटेना थोडा थोडा फिरवावा आणि दर वेळी काही सेकंद थांबावं. ताकदीच्या पट्टीपेक्षा ‘क्वालिटी’ची पट्टी खरी.

आडव्या-उभ्याकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष जातं. यॉर्कशरमध्ये एम्ली मूरचा टीव्ही प्रसारणाचा तीनशे मीटरहून उंच काँक्रीटचा मनोरा आहे. अशा मोठ्या केंद्रांच्या लहरी बहुतेक आडव्या असतात. डोंगराआडच्या गावांसाठी जी छोटी रिले केंद्रं आहेत, त्यांच्या बहुधा उभ्या. लहरी जशा, तसा अँटेनाही हवा. वेल्सच्या एखाद्या दरीत तुम्ही माशाच्या काट्यासारखा तो अँटेना आडवाच ठेवलात, तर दिशा अचूक असूनही सिग्नलचा मोठा हिस्सा वाया जातो. नव्वद अंशांत वळवला की तोच अँटेना कामाला लागतो. सोपा उपाय म्हणजे जवळच्या घरांची छपरं पाहणं. तिथले काटे ज्या दिशेला आणि जसे, तसा आपला लावावा. त्यानंतर चॅनेल नव्याने शोधावेत, कारण केंद्र बदललं की फ्रीक्वेन्सीही बदलतात. बऱ्याच रिले केंद्रांवरून फ्रीव्ह्यू या मोफत डिजिटल सेवेचे सगळे चॅनेल येत नाहीत. थोडेच सापडले तर अँटेनाला दोष देऊ नये.

बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो. मोठ्या मनोऱ्याच्या जवळ तर तो बंदच ठेवावा. सिग्नल अति झाला तरी चित्र फुटतं.

खोल दरीत काहीच लागत नसेल तर डिश हा चांगला मार्ग. ब्रिटिश चॅनेलचे उपग्रह २८.२ अंश पूर्वेला आहेत, म्हणजे ब्रिटनमधून पाहिलं तर आग्नेयेला, दक्षिणेकडे किंचित झुकून. लंडनहूनही ते क्षितिजापासून जेमतेम पंचवीस अंशांवर असतात, स्कॉटलंडमध्ये आणखी खाली. त्या बाजूला एक भरगच्च झाड असलं तरी पुरे, डिशचा उपयोग नाही. ते झाड जागा निवडतानाच पाहावं, गाडी सोडवून आणि वीज-पाणी जोडून झाल्यावर नव्हे.