भुकेची ओळख असलेली बाई

कडाक्याची थंडी आणि अंगावर धड कपडे नाहीत. अशा रात्री झेलमच्या काठी दोन तरुण भावंडांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत आडवं होऊन वर कोरडी वाळू ओढून घेतली आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून रात्र काढली. बहीण म्हणजे पुढच्या पंडिता रमाबाई, भाऊ श्रीनिवासशास्त्री. आईवडील आणि थोरली बहीण तोवर गेलेले होते. ही हकीकत रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि ती इतक्या कोरडेपणाने सांगितली आहे की वाचणारा पुढच्या ओळीवर गेल्यावर थबकतो आणि मागे येऊन पुन्हा वाचतो. या लेखनात कण्हणं नाही. एखाद्या पंचाने पंचनामा लिहावा तशी भाषा आहे.

आम्हा ख्रिस्ती घरांमध्ये कुणी गेलं, कुणाची नोकरी सुटली, कुणाला मोठं दुखणं आलं की भेटायला आलेली माणसं एक वाक्य हमखास बोलतात: यात देवाची काहीतरी योजना असेल. माझी एक आत्या तर हे वाक्य चहाचा कप खाली ठेवायच्या आतच म्हणून टाकायची. हेतू चांगलाच असतो, यात शंका नाही. पण ज्याचं जळतं आहे त्याच्यासमोर इतक्या घाईने योजना मांडणं मला कधीच रुचलं नाही. रमाबाईंच्या वेडाने मी बरीच वर्षं झपाटलेलो आहे, त्याचं एक कारण हेच आहे. आपल्या हालांमध्ये देवाचा हात होता असं त्यांनीही म्हटलं. पण ते म्हणायला त्यांनी किती वर्षं घेतली, आणि म्हणण्याआधी काय केलं, हे पाहण्यासारखं आहे.

चरित्राचा ठरलेला भाग आधी उरकून घेतो. जन्म 23 एप्रिल 1858, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं, त्याबद्दल बोलणी खाल्ली आणि पुढे पुराणं सांगत तीर्थयात्रा करत राहिले. 1878 साली कलकत्त्यात रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. 1880 मध्ये भाऊ वारला, त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं. 1881 मध्ये मुलगी मनोरमा जन्मली आणि 1882 मध्ये नवरा पटकीने गेला. मग पुणे, आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढची साक्ष. 1883 मध्ये इंग्लंड, तिथे वाँटेज गावी बाप्तिस्मा. 1886 मध्ये अमेरिका, पुढच्या वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं गाजलेलं इंग्रजी पुस्तक. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्यात, 1893 मध्ये धर्मांतराच्या संशयावरून गदारोळ. रानडे-भांडारकरांनी सल्लागारपदं सोडली, पालकांनी मुली काढून नेल्या. यातल्या प्रत्येक वाक्यावर स्वतंत्र लेख होतो आणि तसे लेख लिहिलेही गेले आहेत, म्हणून मी इथे थांबत नाही.

मला ओढ आहे ती दोन दुष्काळांची. पहिला मद्रास इलाख्यातला. तो 1876-77 मध्ये कळसाला पोहोचला, पण डोंगऱ्यांच्या घराला त्याची झळ त्याच्याही आधीपासून लागत होती. भिक्षा मागायची नाही आणि अंगमेहनतीचं काम तर येतच नाही, अशी ती शास्त्र्याची चौघं-पाचजणं. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेलं, भांडीकुंडी विकली गेली. देव प्रसन्न होईल म्हणून उपासतापास चालूच, आणि मग उपासाला पर्यायच उरला नाही. तिरुपतीच्या डोंगराजवळच्या रानात त्यांनी अकरा दिवस-रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. ते मुलांचा निरोप घेऊ लागले. धाकटी म्हणून रमा सर्वांत लाडकी. दृष्टी गेलेल्या त्या म्हाताऱ्याने तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की तुला मी देवाच्या हाती सोपवलं आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. जलसमाधी टळली, पण वडील थोड्याच दिवसांत गेले. मागोमाग रायचूरला आई गेली. तिला खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिरडीचा एक कोपरा रमेकडे आला, आणि उंची कमी पडली म्हणून तिने तो डोक्यावर घेऊन स्मशान गाठलं. काही महिन्यांत थोरली बहीणही पटकीने गेली.

या सगळ्यात ख्रिस्ताचं नाव कुठे आहे? कुठेच नाही. रमाबाईंचे सगळ्यांत मोठे आघात बाप्तिस्म्याच्या आधीचे आहेत, ही गोष्ट त्यांच्याबद्दल लिहिणारे भाविक लोक सहसा चटकन ओलांडून जातात. प्रार्थना केली आणि संकट टळलं, या साच्यात त्यांची गोष्ट बसत नाही. प्रार्थना खूप झाल्या, संकट टळलं नाही. पुढे त्यांनी लिहिलं ते असं: माझ्या वडिलांना ख्रिस्ती देव ठाऊक नव्हता, पण त्यांनी मला ज्याच्या हाती सोपवलं त्या एकाच देवाने ते ऐकलं. एका वैष्णव शास्त्र्याच्या निरोपाच्या शब्दांत आपल्या ख्रिस्ती आयुष्याचं मूळ शोधणारी ही बाई मला फार मोठी वाटते. मिशनऱ्यांना हे वाचून काय वाटलं असेल याची कल्पना करायला गंमत येते.

बाप्तिस्म्यानेही सगळं एकदम उजळलं नाही. वाँटेजला त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी बाप्तिस्म्याच्या थोडंच आधी तिथेच जीव दिला. रमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं, तर कान दगा देऊ लागले आणि तो बेत मोडला. मग चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकणं-शिकवणं. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केला आहे. मिळाला तर जरूर वाचा, भांडण पाहण्यासारखं आहे! त्रैक्याचा सिद्धान्त मला पटवून द्या, चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं म्हणून मी मानणार नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको? अंडं घातलेला पदार्थ मी खाणार नाही. नवख्या ख्रिस्ती बाईकडून जी नम्रता अपेक्षित होती ती जेराल्डिनबाईंना काही मिळाली नाही. आणि 1907 मध्ये आपल्या विश्वासाची साक्ष लिहिताना रमाबाईंनी साफ म्हणून टाकलं की बाप्तिस्म्यानंतरची आठेक वर्षं माझ्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता.

आता दुसरा दुष्काळ. 1896 च्या अखेरीस मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. रमाबाई तेव्हा पुण्यात. शारदा सदन नुकतंच वादळातून सावरत होतं, पैसा मोजका. मध्य प्रांत काही त्यांच्या वाटेवरचा नव्हता. 1897 मध्ये लिहिलेल्या दुष्काळाच्या इंग्रजी टिपणात त्यांनी सुरुवातच स्वतःच्या उपासमारीपासून केली आहे. वीस वर्षांपूर्वीचं ते रान, तो पाला. सरकारी कामांवर आणि अन्नछत्रांवर जाऊन त्यांनी पाहिलं, आणि त्यांना जे दिसलं ते इतर पाहुण्यांना दिसत नव्हतं. नुसते हाडांचे सापळे तर कुणालाही दिसतील. एकट्या पडलेल्या तरुण विधवांभोवती आणि पोरक्या मुलींभोवती घिरट्या घालणारे पुरुष रमाबाईंनी अचूक हेरले. भाकरीच्या बदल्यात काय मागितलं जातं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कोवळ्या वयात निराधार होऊन त्या स्वतः देशभर फिरल्या होत्या.

त्यांनी आणलेल्या मुलींची संख्या तीनशेपर्यंत गेली. आणल्या म्हणजे गोळा करून गाडीत बसवल्या, इतकं ते सोपं नव्हतं. केसांच्या जटा झालेल्या, अंगावर फोड, पोट भरलं तरी भाकरी लपवून ठेवायची सवय. त्यात अफवा: ही बाई खाऊ घालून लठ्ठ करेल आणि उलटं टांगून तेल काढेल! विश्वास बसायला महिने लागले. लपवलेल्या भाकरीला चोरी न म्हणायला ती सवय आतून ठाऊक असावी लागते.

आणि या मुली पुण्यात ठेवता आल्या नाहीत, कारण प्लेग. शहरात बाहेरून माणसं आणायला मनाई झाली. (याच प्लेगच्या काळात तपासणीच्या नावाखाली बायकांची होणारी विटंबना रमाबाईंनी वृत्तपत्रात पत्र लिहून चव्हाट्यावर आणली आणि सरकारचा रोष पत्करला. मिशनरी म्हणजे सरकारची माणसं, असं म्हणणाऱ्यांनी तेवढं पत्र वाचावं.) पुण्यापासून 34 मैलांवर केडगावला रमाबाईंनी आधीच शंभरेक एकर माळ घेऊन ठेवला होता. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षांची मदत कबूल केली होती, ती संपल्यावर फळबागेवर सदन चालावं, हा व्यवहारी हिशेब. त्या माळावर तंबू ठोकले गेले. दुष्काळाने मुली दिल्या, प्लेगने जागा ठरवली. मुक्ती सदन उभं राहिलं ते असं, दोन आपत्तींच्या मध्ये. 1900 च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

केडगावला मी पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने जातो. स्टेशनावर उतरणाऱ्यांत निम्मे बेटावरच्या नारायण महाराजांच्या दत्ताला निघालेले असतात. एकदा एका आजोबांनी मला विचारलं, "बेटावर का?" मी म्हटलं, "नाही, मुक्तीला." ते म्हणाले, "तेही चांगलंच आहे," आणि रिक्षात सरकून मला जागा दिली. आवारातलं दगडी देवालय थोराड आहे, माळावर इतकं मोठं काही बांधण्याची हिंमत तिथे गेल्याशिवाय कळत नाही. पण मला तिथे देवालयापेक्षा त्या बायकांच्या कामांची यादी आठवते: विणकाम, शिवण, तेलघाणा, गाईगुरं, शेती, छापखाना. 1905 मध्ये इथे प्रार्थनेची मोठी लाट आली, मुली रडू-गाऊ लागल्या आणि जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात केडगावचं नाव लागलं. त्यावर ग्रंथ आहेत. माझं मन तिथे रमत नाही, हे खरं.

मी रेंगाळतो ते बार्तीमी सदनापाशी. येशूने ज्याला दृष्टी दिली त्या आंधळ्या भिकाऱ्याचं, बार्तीमयाचं, नाव अंध मुलींच्या या घराला दिलं. मनोरमाबाई ब्रेल शिकून आल्या आणि त्यांनी या मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. त्यातल्या काही पुढे स्वतः शिकवू लागल्या. दृष्टी परत येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तरी नाव बार्तीमयाचंच. चमत्काराची वाट पाहत बसण्यापेक्षा हा धीट विश्वास मला जवळचा वाटतो.

आणि छापखाना. रमाबाईंना वाटे, मराठी बायबल अडाणी बाईला वाचून दाखवलं तर कळायला हवं. ज्या बाईला हजारो संस्कृत श्लोक पाठ, तिने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संस्कृतचा भार टाळलेल्या सोप्या मराठीत अख्खं बायबल नव्याने उतरवायला घेतलं. खिळे जुळवणं, छपाई, घडी, बांधणी ही कामं मुक्तीतल्या बायकांच्या हातची. एकेकाळी भाकरी लपवणारी मुलगी आता शिशाचे खिळे उलटे वाचून ईयोबाचं दुःख जुळवते आहे, हे चित्र मी कितीदा डोळ्यांपुढे आणलं असेल. वर्षानुवर्षं हे चाललं. कान जवळजवळ गेलेले, प्रकृती ढासळलेली.

1921 च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या, चाळिशीत. मुक्तीचा भार त्या उचलतील, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती लेक. इथे मी रमाबाईंच्या तोंडी कसलीही योजना घालणार नाही. त्यांनी बायबलची मुद्रितं तपासणं चालू ठेवलं, एवढं खरं. काम पुरं होईपर्यंत आयुष्य दे, असं मागणं त्यांनी केलं आणि शेवटची मुद्रितं हातावेगळी होताच त्या झोपेत गेल्या, असं मुक्तीत भक्तिभावाने सांगतात. तारीख 5 एप्रिल 1922.

पूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. मराठी मंडळ्यांत मात्र उपासनेला बायबल सोसायटीचंच भाषांतर चालू राहिलं, आजही तेच चालतं. रमाबाईंचं बायबल हल्ली अभ्यासक आणि माझ्यासारखे हौशी लोक उघडतात. मुक्तीत अजून निराधार बायका आणि मुली राहतात, दुपारच्या जेवणाची घंटा होते, आणि पाहुण्याला पंगतीला बसवल्याशिवाय सोडत नाहीत.