जुन्या मालमोटारीचे नवे इंजिन आणि त्याची धूरनळी

व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण हे विषय शोभतात. तेथे मालमोटारीच्या धूरनळीचा विषय काढला तर श्रोत्यांच्या भुवया थोड्या वर जाणारच. परंतु आमच्या नांदेड-लातूरकडचे सोयाबीन, तूर आणि कापूस बाजारात पोहोचतात ते मालमोटारींवरच, आणि त्यांतल्या काही जुन्या गाड्यांचे इंजिन मूळचे राहिलेले नसते. सांगाडा धड असतो, इंजिन थकते. मालक दुसरे, बहुधा थोडे मोठे, इंजिन बसवतो. तेवढ्यात पैसे संपतात आणि जुनीच नळी नव्या इंजिनाला जोडली जाते. ही काटकसर अंगाशी कशी येते, ते पाहू.

टाटांच्या ६९२ या इंजिनाचे आकारमान ४.७८८ लिटर आणि ६९७ चे ५.६७५ लिटर. पहिले काढून दुसरे घातले तर इंजिन साधारण १८ टक्क्यांनी मोठे झाले. फेऱ्या तेवढ्याच धरल्या तर धूरही तेवढाच जास्त. पण नळीतला अडथळा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे धूर १८ टक्क्यांनी वाढला की अडथळा ४० टक्क्यांनी वाढला. मिस्त्रीच्या नजरेला नळी तीच दिसते, इंजिनाला मात्र ती अरुंद झालेली असते.

आता मिनिटाला २४०० फेऱ्या धरू. चार फटक्यांचे इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा श्वास घेते. थोडी तूट सोडून मिनिटाला सुमारे ६ घनमीटर हवा आत जाते, आणि चारशे-सव्वाचारशे अंश तापून बाहेर पडताना ती फुगून १४ घनमीटर होते. अडीच इंची नळीतून ती सेकंदाला ७४ मीटर वेगाने धावेल, तीन इंचीतून ५१ मीटर. येथे गणित आपल्या बाजूचे आहे: नळीचा व्यास अर्ध्या इंचाने वाढवला की अडथळा जवळजवळ ४० टक्क्यांवर येतो. नांदेड गोदाकाठी, लातूर बालाघाटाच्या पठारावर. लोहा-अहमदपूरमार्गे भरल्या गाडीने चढ चढताना हा फरक डिझेलच्या खर्चात आणि काळ्या धुरात दिसतो. (धूर काळा येण्याला इंजेक्टरही कारण असतो, सगळे खापर नळीवर फोडू नये.)

‘इंजिनाला मागून थोडा दाब लागतोच’ असे गॅरेजात ठामपणे सांगितले जाते. डिझेल इंजिनापुरते तरी ते खरे नाही. मागचा दाब म्हणजे पिस्टनला धूर ढकलण्यासाठी पडणारे फुकटचे काम. मोठी नळी नको म्हणायचे ते जागा, वजन आणि आवाज यांच्यासाठी.

कामाची पहिली पायरी मात्र गॅरेजात नसून परिवहन कार्यालयात आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. तेव्हा विचारावे आधी आणि कापावे नंतर.

नळी आखायची ती इंजिन आपल्या रबरांवर पक्के बसल्यावरच. जाड तारेने वाट काढून पाहावी. रिकाम्या गाडीत मोकळी दिसणारी जागा माल भरल्यावर राहत नाही; पाटे दबतात, धुरा वर येतो. वळणे थोडी आणि ऐसपैस असावीत. नळीत कोरडी वाळू ठासून, तापवून वाकवली तर ती चेपत नाही. चेपलेले एक वळण मोठ्या व्यासाचा सगळा फायदा खाऊन टाकते. आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते. तीन मीटर लांबीची लोखंडी नळी ३०० अंशांनी तापली की सुमारे ११ मिलिमीटर वाढते, आणि इंजिन तर सतत हलत असते. म्हणून इंजिनाजवळ लवचिक तुकडा हवा, आणि पुढचा भार रबरी टांगण्यांनी सांगाड्यावर. टर्बोचे इंजिन असेल तर नळीचे वजन टर्बोवर टाकणे म्हणजे त्याला फाशी देणेच.

आता नळी कोठून न्यावी हे पाहू. आम्हांला ही बाब इंजिनाच्या ताकदीपेक्षा मोठी वाटते. केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात की धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडू नये. मागे वा उजवीकडे सोडावा. कारण उघड आहे: डावीकडे पायी चालणारे असतात. इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत धूरनळी येऊ नये, हाही नियम आहे. कापसाची गाडी असेल तर आम्ही एवढ्यावर थांबणार नाही. नळी आणि फळ्या यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा हवाच.

सर्वांत वाईट गळती ती केबिनखालची. गिअरच्या दांड्याच्या भोकातून धूर आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि डिझेलच्या धुराने कर्करोग होतो असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला आहे. ड्रायव्हर आणि क्लीनर त्याच केबिनमध्ये रात्री झोपतात.

सायलेन्सरच्या पोटातल्या भोकाच्या नळ्या आणि कप्पे कापून ‘मोकळा आवाज’ काढण्याच्या हौसेबद्दल काय बोलावे? ध्वनिलहरी त्या कप्प्यांत आपटून एकमेकींना मारतात. कप्पे गेले की गाव जागे होते, ताकद मात्र नावालाच वाढते. आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत नळीतच काजळी गाळण्याची आणि यूरियाने वायू निवळण्याची यंत्रणा असते. तिला वेल्डरने हात लावू नये.

जोडणी झाल्यावर थंड इंजिन सुरू करून सांध्यांवर साबणाचे पाणी सोडावे आणि शेवटचे तोंड फडक्याने क्षणभर अर्धवट दाबावे. बुडबुडे आले तेथे गळती. पहिली भरली खेप करून आल्यावर पॅकिंग बसते आणि फ्लँजचे नट सैल होतात. नळी निवाली की ते पुन्हा आवळावेत.