पाच मीटरचा खर्ज, पावणेचार मीटरची गाडी

काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला सुमारे ६९ वेळा थरथरतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो. भागाकार करा : त्या खर्जाची एक लाट जवळजवळ पाच मीटर लांब भरते. माझी हॅचबॅक पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत पावणेचार मीटर आहे. आतली जागा तर डॅशबोर्डपासून मागच्या काचेपर्यंत सव्वादोन मीटरच्या आसपास. जी लाट गाडीत मावत नाही, ती गाडीत ऐकू कशी येणार?

हा प्रश्न मला नऊ वर्षं पडला नव्हता. गाडीसोबत आलेल्या स्पीकरवर पंडित भीमसेन जोशींचे अभंग लावायचे, टाळ खणखणीत यायचे, शब्द कळायचे, पण पखवाज पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा वाजायचा. छोट्या गाडीत एवढंच व्हायचं, अशी मी समजूत करून घेतली होती. मग एका रविवारी दाराचं आतलं पॅनल उघडलं आणि समजलं की छोटी गाडी ही अडचण नाहीच. खर्जाच्या बाबतीत ती वरदान आहे.

दारातून काढलेला स्पीकर हातात अगदी हलका लागला. कागदी शंकू, पत्र्याची चौकट, मागे लहानसं चुंबक. तो टेबलावर ठेवून वाजवला तर पखवाज होता तेवढाही उरला नाही. मग खोक्याच्या मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडलं आणि त्यात तो घट्ट बसवला. तोच स्पीकर, तेच गाणं, तोच आवाजाचा आकडा. पण आता पखवाजाची डावी बाजू बोलू लागली! हा प्रयोग कुणीही घरी करून पाहावा. पैसे लागत नाहीत आणि ऐकताना अंगावर काटा येतो.

पुठ्ठ्याने केलं काय? स्पीकरचा शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची विरळ होते. आवाज वरच्या पट्टीचा असेल तर शंकू इतक्या झपाट्याने हलतो की हवेला इकडची तिकडे जायला सवड मिळत नाही. खर्जाची हालचाल मात्र संथ. तेवढ्या वेळात पुढची दाबलेली हवा कडेवरून वळून मागे जाते आणि तिथली तूट भरून काढते. बेरीज जवळपास शून्य. पुठ्ठा मध्ये आला की ती वाट लांबते. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन संशोधकांनी १९२५ साली आजच्या घडणीचा स्पीकर मांडला, तेव्हाही शंकूभोवती असा अडसर हवा हे त्यांनी ओळखलेलं होतं.

आपल्या वाद्यकारांना ही गोष्ट हातांनी ठाऊक होती. नुसती तार ताणून छेडा, ती जवळपास मुकीच राहते, कारण बारीक तारेच्या दोन्ही अंगांनी हवा निसटते. तीच तार तबलीवर आणि भोपळ्यावर चढली की खोली भरते. मंगळवेढा-पंढरपूरच्या बाजूचे भोपळे मिरजेत येतात ते यासाठी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या कीर्तीत या कडू भोपळ्याचा वाटा मोठा आहे. गाडीचा स्पीकर ही तार आहे. तिचा भोपळा म्हणजे गाडीचं दार.

आता हा भोपळा नीट बघू. बाहेरून पातळ पत्रा, आत आणखी एक पत्रा, त्याला काचेच्या यंत्रणेसाठी पाडलेली पंजा जाईल एवढी भोकं, आणि त्यांवर प्लॅस्टिकचा कागद. फुटका भोपळाच तो. शंकूच्या पाठची हवा या भोकांमधून पुढच्या हवेला येऊन मिळते आणि खर्ज पुसला जातो. शिवाय बाहेरचा पत्रा स्वतःच थरथरतो. बोटाने ठोकून पाहा : डब्याचं झाकण वाजावं तसा तो वाजतो.

उपाय म्हणजे ब्यूटाइल रबराच्या चिकट शीट्स, वरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावलेल्या. दुकानात याला 'डॅम्पिंग' म्हणतात. बाहेरच्या पत्र्यावर त्या चिकटवल्या की पत्रा हलताना मधलं रबर ताणलं जातं आणि थरथर उष्णतेत विरून जाते. पत्रा जडही होतो. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावून नाद खाली उतरवतात, तिथेही वजनाचीच करामत असते. पत्र्याचा अर्धाअधिक भाग झाकला तरी फरक कळतो, सगळं दार मढवायची गरज नाही. मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करायची.

इथे दोन गोष्टी जपायच्या. पावसाचं पाणी काचेच्या कडेने दारात उतरतं आणि तळाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतं. ती छिद्रं कधीही बुजवू नका, नाहीतर कोकणातल्या एकाच पावसाळ्यात दार गंजायला लागेल. आणि काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दाराच्या पोकळीतला दाब मोजणारा सेन्सर असतो. तशी गाडी असेल तर भोकं बंद करण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरला विचारा.

दार बंदिस्त झालं की मूळ कोड्याचं उत्तर मिळतं, आणि ते फार सुंदर आहे. सायकलचा पंप आठवा. दट्ट्या दाबला की आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम वाढतो, लाट इकडून तिकडे जायचा प्रश्नच येत नाही. लाटेची अर्धी लांबी गाडीच्या आतल्या लांबीपेक्षा मोठी झाली की काचा लावलेली गाडी अशीच पंप बनते. आपल्या खर्जाची अर्धी लाट अडीच मीटर, गाडी सव्वादोन मीटर : हिशेब जमला. लाटेने मावायलाच नको. स्पीकर ढकलतो आणि गाडीतली सगळी हवा एकदम कानावर दाबली जाते. स्वर जितका खाली, तितकी बंद गाडीची मदत जास्त. गणिताप्रमाणे दर सप्तकामागे १२ डेसिबल, प्रत्यक्षात फटींमुळे त्याहून कमी. दिवाणखान्यात या मदतीसाठी मोठे स्पीकर आणि मोठा खर्च लागतो. छोट्या गाडीत ती फुकट मिळते. गळती तेवढी थांबवायची.

पैशांचं बोलायचं तर आधी वॉटचं गणित समजून घ्यावं. डेकवर, म्हणजे डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टिमवर, '५० वॉट × ४' लिहिलेलं असतं. गाडी चालू असताना वीज मिळते १४.४ व्होल्टची, स्पीकर असतो ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे जवळपास ५२. पण हा आकडा चौकोनी, फाटलेल्या आवाजाचा. स्वच्छ सुराला त्याच्या निम्मा, म्हणजे २६ वॉट, हीच कमाल मर्यादा, आणि वाटेतलं नुकसान धरून हाती येतात १८-२०. एवढे पुरतात. ऐकताना बहुतेक वेळ दोन-चार वॉटच खर्ची पडतात. म्हणून स्पीकर घेताना खोक्यावरच्या मोठ्या वॉटना भुलू नये, त्याची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये तो किती मोठा वाजतो, ती पाहावी. ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढाच आवाज निम्म्या ताकदीत निघतो. ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट करून मिळते ती हीच ३ डेसिबलची वाढ.

माझा खर्च असा झाला. पुढच्या दोन दारांसाठी साडेसहा इंची स्पीकर साडेचार हजार, डॅम्पिंग तीन हजार, स्पीकर बसवायच्या वॉटरप्रूफ प्लायच्या रिंगा, कपलर आणि मजुरी दोन हजार, आणि वापरलेला पण चांगला डेक चार हजार. एकूण साडेतेरा हजार. कपलर आग्रहाने मागा, म्हणजे मूळ वायर कापावी लागत नाही आणि गाडी विकताना सगळं पूर्ववत करता येतं. १९३० साली पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने 'मोटोरोला' हा गाडीतला रेडिओ विकायला आणला, तेव्हा त्याची किंमत गाडीच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याच्या घरात जायची. माझा खर्च पन्नासाव्या हिश्श्याहून कमी आहे. हातात निम्मेच पैसे असतील तर स्पीकर आणि डॅम्पिंग करा, डेक थांबू शकतो.

तरी तो डेक मी घेतला एका खास सोयीसाठी. चालकाचा उजवा स्पीकर कानापासून ९० सेंटिमीटरवर, डावा १४० वर. अर्ध्या मीटरचा फरक, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या दीडपट उशीर. क्षुल्लक वाटतो, पण आपले दोन कान सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याइतका फरकही टिपू शकतात! आधी पोचलेल्या आवाजालाच मेंदू उगम मानतो. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात याचा अभ्यास केला होता. त्यामुळे गायक कायम उजव्या दारात बसलेला वाटतो. डेकमध्ये उजव्या स्पीकरला तेवढाच उशीर लावला आणि पंडितजी दारातून उठून डॅशबोर्डच्या मधोमध, समोर येऊन बसले. मी गाडी बाजूला घेऊन थांबलो. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं, आणि कान मात्र बोट दाखवून सांगत होते की इथेच.

त्या शांततेत तंबोरा ऐकू आला. खर्ज पाठीला, आसनाला लागत होता. आणि मग जाणवलं की नऊ वर्षं मी या गाडीत तंबोरा ओळखत तर होतोच. ६९ कंपनांचा स्वर तो फुटका भोपळा देऊच शकत नव्हता, मग मी ऐकत काय होतो?

जवारी काढलेली, म्हणजे घोडीच्या पाठीला हलकी घासत वाजणारी तार एकाच स्वरात बोलत नाही. १३८, २०७, २७६ अशी स्वरांची उतरंड ती हवेत सोडते. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा-वीणेच्या घोडीच्या या किमयेवर लिहिलं होतं. त्या वरच्या स्वरांमध्ये प्रत्येकी ६९ चं अंतर असतं. तेवढ्या खुणेवरून मेंदू न वाजलेला खर्ज स्वतः घडवतो आणि आपल्याला ऐकवतो. म्हणून मोबाइलच्या इवल्या स्पीकरवरही तंबोरा तंबोराच राहतो.

नऊ वर्षं तो खर्ज माझ्या डोक्यात वाजत होता. आता गाडीतली हवा तो वाजवते आहे. दोन्ही एकाच सुरात लागले आहेत.